कोंडाबाईंना उठायला वेळ लागतो

१

राजेंद्र खैरनारांच्या, म्हणजे भाऊंच्या, घरी शनिवारी जेवणं झाली की टेबलावरून खरकटी ताटं जायची आणि त्या जागी लॅपटॉप यायचा. मध्ये फडका मारायलाही भाऊ वेळ देत नसत. "बुडवा एकदाचा त्याला आमटीत," असं वर्षावहिनी दर शनिवारी म्हणायच्या, आणि दर शनिवारी भाऊ लॅपटॉपखाली जुना पेपर पसरायचे. संसार असाच चालतो.

भाऊ मसाटच्या सुताच्या कारखान्यात मेंटेनन्सला. तीस वर्षं मशिनांची पोटं फाडून परत शिवली, पण कॉम्प्युटरचं पोट कधी उघडलं नव्हतं. आता एआय आला. मराठीत काय पाहिजे ते सांगा, तो कोड लिहून देतो. भाऊ त्याला 'हेल्पर' म्हणत. कारखान्यातला हेल्पर नुसता पाना धरतो. हा पाना धरायचा, नट पिळायचा आणि वर "फार चांगला प्रश्न विचारलात" असंही म्हणायचा. कारखान्यातल्या एकाही हेल्परनं तीस वर्षांत असं म्हटलं नव्हतं. भाऊ विरघळले यात नवल नाही.

प्रोग्रॅमचं नाव 'सावध'. काम साधं. धरणातून दमणगंगेत पाणी सोडायचं ठरलं की राखोलीच्या नदीकाठच्या एकेचाळीस खोल्यांत फोन वाजायचा. पाणी येतंय, वर या. ऐकलं असेल तर एक दाबा. तीस सेकंदांत एक दाबला नाही, तर जवळच्या स्वयंसेवकाला निरोप जायचा, अमक्या खोलीचं दार वाजवा.

गेल्या साली, प्रोग्रॅम नसताना, हे स्वयंसेवक टपरीवर भजी खात बसून 'वाजवलं, वाजवलं' असं कळवत होते. म्हणून भाऊंनी हेल्परला सांगितलं, "खोटं बोलणारा ओळखता आला पाहिजे. खोलीतल्या माणसानं स्वतः दाबल्याशिवाय यादीत त्याचं नाव हिरवं होता कामा नये." हेल्पर म्हणाला, "नक्की." कसं केलं ते भाऊंनी विचारलं नाही. चाललेल्या मशिनला कोणी विचारत नाही.

हा सगळा खटाटोप एका मुलीसाठी. भाऊंची सायली, कॉलेजात शेवटच्या वर्षाला, त्या काठाची दारं वाजवणारी. गेल्या ऑगस्टमध्ये शेवटच्या दाराशी तिचा पाय घसरला आणि ती कमरेइतक्या पाण्यात गेली. चाळीतल्या कुसुमनं ओढणी धरून ओढली म्हणून वाचली. घरी येऊन म्हणते, "पुढच्या वर्षीपण मी जाणार." भाऊंनी त्या दिवशी ठरवलं, पुढच्या वर्षी असा प्रोग्रॅम पाहिजे की सगळे फोनवरच ऐकतील आणि कोणाला खाली उतरावंच लागणार नाही.

२

प्रोग्रॅमच्या कामात भाऊंच्या जोडीला शर्वरी. गलोंड्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळणारी, मूळची पुण्याची, म्हणजे चहा घेताना तो कसा करायला हवा होता तेही सांगणारी. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचल्याशिवाय प्रोग्रॅममध्ये घ्यायचं नाही, असा दोघांचा नियम होता. पण हेल्पर एका दुपारी दोन हजार ओळी लिहायचा. शर्वरी त्यावरून झरझर बोट फिरवायची आणि खाली लिहायची, 'बघितलं'. बघितलं होतंच म्हणा. वाचलं नव्हतं.

प्रोग्रॅम तपासायचा तर खऱ्या माणसांना उगाच फोन कसे करायचे? मग शर्वरीनं तोड काढली. "काका, त्याला खोटी माणसं बनवायला सांगा. खोटे नंबर, खोटे फोन. खरा फोन कुठे लागतच नाही, आतल्या आत उत्तर येतं."

हेल्परनं बारा माणसं बनवली. नाव, खोली, वय. तपासणी चालवली. अकरा जणांनी एका सेकंदात एक दाबला. बारावी लाल.

'कोंडाबाई. खोली ७. उत्तर: ४७ सेकंदांनी.'

"हे काय आता?" भाऊ म्हणाले.

"खोट्या फोनला उशीर कसा होईल?" शर्वरी खुर्ची ओढत म्हणाली. "परत चालवा."

परत चालवली. सत्तेचाळीस. तिसऱ्यांदा चालवली. सत्तेचाळीस.

भाऊंनी हेल्परला विचारलं, बाकीचे एका सेकंदात देतात, हिला एवढा वेळ का?

हेल्परनं लिहिलं, 'कोंडाबाईंना उठायला वेळ लागतो.'

शर्वरी इतकी हसली की चहा नाकात गेला. "काय ड्रामेबाज आहे हो तुमचा हेल्पर! कुठल्या तरी गोष्टी वाचून आलाय. काढून टाका म्हातारीला."

भाऊही हसले. पण पंख्याच्या आवाजात त्यांनी मनातल्या मनात सत्तेचाळीसपर्यंत मोजलं. एक हात जमिनीला टेकायचा, एक गुडघा, मग भिंत धरायची, मग चार पावलं. बरोबर तेवढेच होतात.

३

दुसऱ्या दिवशी दारांवर नंबर चिकटवायला भाऊ राखोलीला गेले. नंबर प्रत्येक रांगेत एकपासून, आणि कुठल्याच रांगेत सहापेक्षा जास्त खोल्या नव्हत्या. नदीकडच्या शेवटच्या रांगेतही सहाच. सहाव्या खोलीत कुसुम. तिचा नवरा ट्रकवर, माहेर जळगावकडचं, तोंड सदा चालू.

"काय चिकटवू राहिले, साहेब? घरपट्टी का?"

"नंबर गं. फोनवाल्या कामाचा."

"मग सातवा कुठं?"

भाऊंचा हात थांबला. "सातवी खोली आहे?"

"कुठली येते! ही माझी भिंत, पलीकडे उतार आणि नदी." कुसुमनं भिंतीवर चापट मारली. "मी म्हटलं, तुम्हीच बांधली की काय. काल दुपारी तिकडे तीनदा फोन वाजला ना."

"कुठे?"

"भिंतीपलीकडं. जुना फोन वाजायचा तसा. ट्रिंग ट्रिंग. मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणे, तुझ्या डोक्यात वाजतो."

"पाण्यावरून आवाज येत असेल. समोरच्या काठावरून."

"येत असंल," कुसुम म्हणाली. तिला पटलं नव्हतं, पण साहेबांचं मन मोडायचं नव्हतं. "पण साहेब, समोरच्या काठावर नुसती झाडं."

भाऊ भिंतीला वळसा घालून गेले. चिखल, घाणेरीची झुडपं, एक फुटका माठ, आणि खाली मातकट पाणी. भिंतीला बाहेरून गिलावा नव्हता, उघड्या विटा होत्या. त्यांनी एका विटेवर कान लावला आणि लगेच मागे घेतला. कारखान्यात कोणी पाहिलं असतं तर वर्षभर टिंगल झाली असती.

४

पुढच्या शनिवारी भाऊंनी वर्षावहिनींना कपडे वाळत घालायला गच्चीवर पाठवलं. माणसाला वेडेपणा करायचा असला की आधी बायकोला गच्चीवर पाठवतो. मग त्यांनी कुसुमला फोन लावला.

"कुसुम, भिंतीशी जाऊन उभी राहा. मी एक चालू करतो. ऐकू आलं तर सांग."

"वरण ठेवलंय गॅसवर. लवकर करा."

भाऊंनी तपासणी चालू केली. पडद्यावर खोट्या माणसांची नावं हिरवी होत गेली. बाराव्या नावाशी गोल फिरू लागला.

"वाजला!" कुसुम म्हणाली. "हे बघा, वाजू राहिला. ऐकू येतो का तुम्हाला?"

भाऊंना येत होता. लांबून, ओल्या कापडात गुंडाळल्यासारखा.

ते मोजत होते. वीस. तीस, नाव लाल झालं. पस्तीस.

"साहेब," कुसुमचा आवाज आता खाली आला होता, "आत काही सरकतं. पाटासारखं."

चाळीस. पंचेचाळीस.

"थांबला. कोणी उचलला वाटतं."

पडद्यावर ओळ उमटली. 'उत्तर: ४७ सेकंदांनी.'

"कुसुम, भिंतीपासून लांब हो. पोरं घेऊन शेजाऱ्यांकडे जा."

"वरण लागंल ना माझं!" म्हणत तिनं फोन ठेवला. बायकांना भुतापेक्षा करपलेलं वरण जास्त छळतं, आणि तेच बरं आहे.

भाऊ बसून राहिले. खोटा नंबर हेल्परनं कुठून तरी उचलला असेल, तो खरा निघाला असेल, त्या नंबरचा फोन कोणाच्या तरी घरी पडला असेल, आणि ते घर... इथपर्यंत हिशेब नीट यायचा, मग पुढे विटा यायच्या. त्यांनी शर्वरीला बोलावून सगळं सांगितलं.

"काका, हे शक्यच नाही," ती म्हणाली. "हा फोन बाहेर जातच नाही. मी बघितलंय."

"वाचलंयस?"

शर्वरीनं चहाच्या कपात बघितलं. "बघितलंय," ती म्हणाली.

मग दोघांनी मिळून वाचायला घेतलं. पहिल्यांदाच. अकरा खोट्या माणसांची खोटी उत्तरं एका पानावर सापडली, एकाखाली एक लिहिलेली, नाटकातल्या संवादासारखी. कोंडाबाईंचं उत्तर कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिचं फक्त नाव होतं, आणि पुढे एवढंच की वाट पाहा.

५

काढलं तिला. भाऊंनी स्वतः ओळ खोडली, शर्वरीनं शेजारी बसून वाचली. हेल्परला सांगितलं, कोंडाबाई नको. हेल्पर म्हणाला, 'काढलं.' तपासणी चालवली, अकरा नावं, अकराही हिरवी. शर्वरीनं 'वाचलं' असं लिहिलं आणि ते प्रोग्रॅममध्ये घेतलं.

पुढचे दोन शनिवार कुसुमकडे काही वाजलं नाही. "म्हातारी गेली वाटतं तुमची," ती म्हणाली. भाऊंनी तिला दटावलं, आणि घरी येताना पावशेर जिलबी घेऊन आले. कशाबद्दल, ते वर्षावहिनींना सांगितलं नाही.

६

ऑगस्टातल्या रविवारी दुपारी बाराला खबर आली, धरणाचे दरवाजे उघडणार, पाणी सोडणार. घरात वरणभाताची ताटं वाढलेली. भाऊंनी ताट सरकवलं आणि लॅपटॉप उघडला. या खेपेला त्याखाली पेपर वहिनींनीच पसरला.

एकेचाळीस घरांत फोन वाजले. नावं हिरवी होऊ लागली. दहा. पंचवीस. कुसुमनं दोन सेकंदांत दाबला. अडतीस. एकेचाळीस. भाऊंनी श्वास सोडला. कोणाला खाली उतरायला नको. सायली राखोलीच्या पुलाशी मैत्रिणीकडे होती, तिथेच सुखात बसेल.

मग यादी एका ओळीनं वर सरकली.

'कोंडाबाई. खोली ७.' गोल फिरत होता. तीस सेकंदांनी नाव लाल झालं. खाली ओळ आली, 'निरोप पाठवला: सायली.'

भाऊंनी ती ओळ खोडली. हेल्परला लिहिलं, काढ. 'काढलं,' हेल्पर म्हणाला. ओळ जागच्या जागी. शर्वरीला फोन लावला, लागला नाही. सायलीला लावला, ती स्कूटी चालू करतच होती.

"जाऊ नकोस. ती बाई खोटी आहे. टेस्टिंगची."

"बाबा, पण नाव आलंय."

"अगं, सातवी खोलीच नाही तिथे!"

"गेल्या वर्षी तुम्ही म्हणाला होतात की कुसुमताईची सासू गावाला गेलीय. होती ती आत." रेनकोटची चेन ओढल्याचा आवाज आला. "मी खोटी म्हणून सोडली आणि खरी निघाली तर? मला झोप येईल का आयुष्यात?"

हिला असं कोणी शिकवलं? ज्यानं शिकवलं तो आता घामाघूम झाला होता.

"मी जातो," भाऊ म्हणाले. "तू वर रस्त्यावर थांब. खाली उतरायचं नाही. शप्पथ घे."

"हिरवं झालं नाही तर उतरणार. आणि खोटं सांगू नका, भेटली म्हणून. माझ्यासाठी तुम्ही खोटं बोलाल, माहितीये मला. हिरवं दिसलं तरच मी घरी जाईन."

७

भाऊ पोचले तेव्हा चाळ रिकामी झाली होती. दारांना कुलपं, अंगणात पाणी पावलापर्यंत. वर रस्त्यावर सायलीचा पिवळा रेनकोट दिसत होता. तिनं हातातला फोन उंच धरून दाखवला. लाल.

पहिली खोली. दुसरी. सहावी, कुसुमची, दाराला सायकलची साखळी. सहाव्या खोलीनंतर भिंत संपते तिथे भाऊ वळले, कारण वळणं भाग होतं.

दार होतं.

नवं नाही, जुनंही नाही. लाकडी, रंग न दिलेलं. त्यावर सात नंबर चिकटवलेला, भाऊंच्याच गठ्ठ्यातला, तसाच किंचित तिरका. त्यांनी कडी वाजवली.

"आले, आले," आतून आवाज आला. साधा आवाज. दूधवाल्याला म्हणावं तसा.

मग पाट सरकला.

भाऊंनी खिशातून फोन काढला, 'सावध' उघडलं आणि कोंडाबाईंच्या नावापुढे आपल्याच बोटानं एक दाबला. पडद्यावर आलं, 'दाबणारा: राजेंद्र. कोंडाबाई येत आहेत.' पाणी घोट्याच्या वर आलं. ते पळू शकत होते. पंधरा पावलांवर चढ होता. पण पळाले असते तर यादी लालच राहिली असती, आणि पिवळा रेनकोट खाली उतरला असता. म्हणून ते थांबले, मोजत. हात टेकला असेल. गुडघा. भिंत. पाणी पोटरीला लागलं.

"पाणी येतंय, आजी," ते म्हणाले. "ऐकलं असेल तर एक दाबा."

"ऐकते रे बाबा. आले."

दार वीतभर उघडलं. आत उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं. आतली जमीन कोरडी होती, आणि तिच्यावर कधी कोणी चाललंच नसावं अशी. अंधारातून एक हात आला. वरून सुरकुतलेला, शिरा वर आलेल्या, नखाशी हळद. तो फोन घ्यायला उलटा झाला आणि भाऊंना तळवा दिसला. तळव्यावर एकही रेघ नव्हती. नव्या ताटलीसारखा गुळगुळीत.

बोट पडद्याला लागलं. काही झालं नाही. परत लागलं.

"माझं घेत नाही रे हे," ती म्हणाली, थोडी लाजून. "तू धर माझं बोट. तू दाब."

पाणी गुडघ्याला आलं होतं. भाऊंनी वर बघितलं. सायली स्कूटीवरून उतरली होती, एक पाय उताराकडे.

त्यांनी ते बोट धरलं. गार नव्हतं, गरम नव्हतं. धरलं आणि दाबलं.

नाव हिरवं झालं.

वर रस्त्यावर सायलीच्या फोनचा आवाज झाला. तिनं वाचलं, फोन हलवून दाखवला, अंगठा वर केला. भिंतीच्या कोपऱ्यामुळे तिला भाऊंचं फक्त डोकं आणि खांदा दिसत असणार. "बाबा, या लवकर! मी घरी जाऊन आईला सांगते!" ती ओरडली.

भाऊंनी हात सोडवायला मागे ओढला. तो सुटला नाही. जोर नव्हता त्यात, नुसती पकड होती, आंधळ्या माणसाची असते तशी.

"भिजतोस कशाला," ती म्हणाली. "आत ये. किती दिवसांनी कोणी दार वाजवलं."

स्कूटी सुरू होईना. सायलीनं दोनदा किक मारली आणि मान वळवून खाली बघितलं.

एक हाक मारली असती तर ती चिखलातून धावत आली असती. वाऱ्यासारखी आली असती, गेल्या वर्षी गेली होती तशी, थेट या दाराशी.

भाऊंनी मोकळा हात वर करून तिला हलवून दाखवला, जा, जा, आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. तिसऱ्या किकला स्कूटी सुरू झाली. पिवळा रेनकोट वळणाआड जाईपर्यंत ते तोंड मिटून उभे राहिले, आणि मग त्यांचा एक पाय उंबऱ्याआतल्या कोरड्या जमिनीवर पडला.